मणक्याचा टीबी: बायोप्सीचा नमुना फॉर्मॅलिनमध्येच नको
'खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणजे टीबी नाही' असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. माझ्या जावेला ना खोकला होता, ना थुंकीत काही सापडलं. कंबरदुखी म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. संध्याकाळची कणकण आणि घटतं वजन याकडे कुणी लक्षच दिलं नाही. शेवटी एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती खराब झालेली दिसली.

सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे बायोप्सीचा नमुना, म्हणजे टीबी पक्का करायला मणक्यातून काढलेला तुकडा. तो सगळा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायचं रसायन) टाकला की जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही, सीबीनॅटसाठीही (जंतूचा डीएनए शोधणारी झटपट तपासणी) तो चालत नाही. म्हणून थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवायला आधीच सांगा, अगदी आग्रहाने. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हे सीबीनॅटमधून लवकर कळतं. हाडात जंतू कमी असतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं नसतं. आणि औषधं फुप्फुसाच्या साध्या टीबीसारखी ६ महिन्यांत संपत नाहीत, मणक्याला साधारण १२ महिने तरी लागतात. दुखणं आधीच थांबतं, तेव्हा गोळ्या सोडू देऊ नका.