जुन्या सेसनाच्या पॅनलचे दिवे: एलईडी टाकायचे की जुना डिमरच दुरुस्त करायचा?

ओहायोकर: आम्ही चौघांत मिळून 1974 चं सेसना 172 हे छोटं विमान घेतलंय, 14 व्होल्टवालं. हिवाळ्यात इथे पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणजे ऑफिसनंतर उडायचं म्हटलं की रात्रच. मागच्या महिन्यात पॅनल लाइटचा (समोरच्या काट्यांवरच्या दिव्यांचा) डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा नॉब फिरवला तर दिवे एकतर लख्ख नाहीतर पूर्ण बंद, मधलं काहीच नाही. खाली सगळी शेतं, चंद्र नाही, आणि समोरच्या काचेत आख्ख्या पॅनलचं प्रतिबिंब. बाहेरचं काही दिसेना. बाकीचे तिघं म्हणतायत सगळे बल्ब काढून एलईडी टाकू. माझं ठाम मत आहे की टाकू नये. रात्री दिवा किती उजळतो यापेक्षा किती मंद होतो ते महत्त्वाचं, आणि फिलामेंटचा बल्ब जसा निखाऱ्यासारखा विझत विझत खाली येतो तसा एलईडी येत नाही.

रात्रपाळी: नाही पटलं. मी एएमई (विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर) आहे, महाराष्ट्रातच एका फ्लाइंग स्कूलला. सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी) पोरांना रात्रीचे 5 तास आणि 10 टेकऑफ-लँडिंग करावे लागतात, आणि ऐन वेळी पोस्ट लाइट (काट्याशेजारचा छोटा दिवा) गेला की त्या पोराची पाळी गेली, मग पुन्हा कधी नंबर लागेल सांगता येत नाही. तुमचा 330 नंबरचा बल्ब 80 मिलिअँप खातो, दहा बल्ब धरले तर जवळजवळ एक अँपियर, आणि नॉब खाली केला की डिमरचा ट्रान्झिस्टर ती वीज उष्णता करून पॅनलमागे सोडतो. तुमचाही त्यानेच गेला असणार. एलईडी टाका, पण सोबत एलईडीसाठी बनवलेला डिमर टाका. लोक नुसते बल्ब बदलतात आणि मग एलईडीच्या नावाने ओरडतात.

ओहायोकर: तेच तर म्हणतोय ना, नुसते बल्ब बदलून भागत नाही. जुना डिमर व्होल्टेज कमी करतो, एलईडी एका ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की गपकन विझतो, म्हणजे नॉबच्या शेवटच्या थोड्याशा टप्प्यातच सगळा खेळ. आणि नवे डिमर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, त्याची बारीक शिट्टी हेडफोनमध्ये येते. ओळखीच्या एकाच्या विमानात ऐकलीये, टॉवर काय बोलतो त्यात लक्ष लागत नाही.

रात्रपाळी: शिट्टी बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसल्याने आणि डिमरची वायर ऑडिओच्या वायरीला चिकटून नेल्याने येते. शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) वायर घ्या, रस्ता वेगळा ठेवा. वायरिंग कच्चं केलं तर त्यात एलईडीचा काय दोष?

चाळिशीचा चष्मा: तुमच्या वादात रंगाचं कुणी बोलतच नाहीये. जुन्या सेसनात छतातून लाल उजेड पडतो, कारण डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि लाल उजेडाने तो सराव कमी मोडतो. पण त्या उजेडात नकाशावरच्या लाल-गुलाबी रेषा कागदात मिसळून जातात. आणि लाल उजेडात जवळचं वाचायला डोळ्याला जास्त ताण द्यावा लागतो, माझ्या वयात तो देता येत नाही, इंधनाचा काटासुद्धा पुसट दिसतो. मला अगदी मंद पांढराच हवा. आणि अगदी मंद म्हटलं की ओहायोकर म्हणतात ते बरोबर, बल्ब जिंकतो.

बाणवाला: थोडं विषयाबाहेर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पायपर ॲरो या चाकं आत घेणाऱ्या विमानात पॅनल लाइट चालू केले की चाकं खाली आल्याचे तीन हिरवे दिवेपण आपोआप मंद होतात. रात्री ते बरंच आहे. पण दिवसा कुणी नॉब थोडा चालू सोडून दिला तर उन्हात हिरवे दिसतच नाहीत, लँडिंगच्या वेळी वाटतं चाकं खाली आलीच नाहीत. मी स्वतः लँडिंग सोडून दोन चकरा मारल्या आहेत, हात थरथरत होते, नंतर लक्षात आलं नॉब. म्हणून डिमरला हात लावण्याआधी त्याच तारेवर अजून काय काय लटकलंय ते डायग्रामवर बघा.

ओहायोकर: बाणवाला, हे माहीत नव्हतं, आमच्याकडे चाकं फिक्स आहेत पण होकायंत्राचा दिवा त्याच नॉबवर आहे, तो तपासतो. माझं ठरलंय, आधी ट्रान्झिस्टर बदलून घेतो, पोस्ट लाइट बल्बचेच राहतील. छतातल्या दिव्याला मात्र पांढरा एलईडी, मंजुरी असलेलाच, वेगळ्या नॉबवर. चष्मेवाल्यांचं म्हणणं पटलं.

रात्रपाळी: बल्बचं मला अजून पटलेलं नाही, पण मग एक करा, नॉब कधी पूर्ण वर नेऊ नका. व्होल्टेज 5 टक्के कमी ठेवलं तरी फिलामेंटचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. आणि तो एलईडी बसवला की लॉगबुकवर सही करण्याआधी इंजिन चालू करून, रेडिओ लावून, नॉब खालपासून वरपर्यंत हळू फिरवत हेडफोनमध्ये ऐका.