द्राक्षाचा रीफर (थंड कंटेनर) खराब निघाला, मुंबई हायकोर्टात दावा टाकायचाय - प्लेंट (दाव्याचा अर्ज) नंतर दुरुस्त करता येते का?

निफाडकर_एक्सपोर्ट
नमस्कार मंडळी. निफाडकडची छोटी एक्सपोर्ट कंपनी आहे आमची. गेल्या सीझनला न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवली, तिकडे दार उघडलं तर निम्म्याहून जास्त पेट्यांत बुरशी आणि मणी गळालेले, बायरने माल घेतलाच नाही, मिळेल त्या भावाने विकावा लागला. शिपिंग लाईन म्हणते तुमचं प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) नीट नव्हतं. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाने माल घेतल्याच्या पावतीवर) वादासाठी मुंबईचं कोर्ट लिहिलंय. वकील म्हणतात सगळे कागद आत्ताच द्या, पार्टनर म्हणतात आधी केस टाकून ठेवू, बाकी डिटेल नंतर देता येतं, त्यांच्या जमिनीच्या केसमध्ये तसंच झालं होतं. नक्की काय करायचं? आणि असं किती वर्षं चालतं?

फोर्टातला_वकील
जमिनीच्या केसचा हिशोब इथे लावू नका, खरंच सांगतो, त्यात चांगले चांगले दावे बुडालेत. मालाच्या नुकसानीचा दावा म्हणजे कमर्शियल दावा, त्याला २०१५ चा कमर्शियल कोर्ट्स ॲक्ट लागतो. तुमच्याकडचे सगळे कागद प्लेंटसोबतच द्यायचे, वर सत्यतेचं प्रतिज्ञापत्र. राहिलेला कागद नंतर द्यायचा तर कोर्टाची परवानगी आणि पटेल असं कारण लागतं. प्लेंट दुरुस्त करता येते, पण ट्रायल सुरू झाल्यावर फार अवघड, तेव्हा सांगावं लागतं की काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं.
हा जाच समोरच्यालाही आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत रिटन स्टेटमेंट (लेखी उत्तर), फार तर १२० दिवस, त्यानंतर हक्कच जातो, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने चमणकर केसमध्ये हे पक्कं केलं. आणि नुसतं 'मान्य नाही' लिहून भागत नाही, का मान्य नाही ते लिहावं लागतं. म्हणून तुम्ही तापमान, तारीख, सेट पॉइंट (मशीनला लावून दिलेलं तापमान) सगळं मुद्देवार लिहिलंत तर लाईनला प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागेल. मोघम प्लेंटला मोघम उत्तर येतं आणि मग इश्यू (वादाचे मुद्दे) काढतानाच गोंधळ होतो.
किती वर्षं ते कुणी सांगू शकत नाही. कायद्यात आहे की पहिल्या केस मॅनेजमेंट हिअरिंगपासून (केसचं वेळापत्रक ठरवायची तारीख) सहा महिन्यांत युक्तिवाद संपवावा, प्रत्यक्षात बोर्डावर किती गर्दी आहे त्यावर.

रीफर_सर्व्हेअर_उरण
वकीलसाहेबांच्या 'तापमान' या शब्दावरच सगळी केस आहे म्हणून थोडं लांब लिहितो. सीलबंद कंटेनरचं क्लीन (खराबीचा शेरा नसलेलं) बिल ऑफ लेडिंग आतल्या मालाची साक्ष देत नाही, पेट्या चांगल्या स्थितीत भरल्या हे तुम्हालाच दाखवावं लागतं. पॅकहाऊसचं प्रीकूलिंग रजिस्टर, भरताना घेतलेलं मण्याच्या आतलं तापमान, तुमचा स्वतःचा डेटालॉगर, हे काढा. आणि मशीनच्या कंट्रोलरमधला सप्लाय एअर (आत सोडलेली थंड हवा), रिटर्न एअर (मालावरून परत येणारी हवा) यांच्या तापमानाचा डेटा लाईनकडे आजच लेखी मागा, कंटेनर पुढच्या फेरीला गेला की तो मिळवणं जड जातं. मग प्लेंटमध्ये तारखेवार लिहा, अमुक दिवसापासून रिटर्न एअर चढत गेलं. ट्रान्सशिपमेंट पोर्टला (जिथे जहाज बदलतं) विजेचा प्लग काढलेला असेल तर तो ग्राफवर लगेच दिसतो. पण मशीन शून्याला बरोबर चाललं असेल आणि माल तरी सडला असेल, तर लाईन म्हणेल दोष मालातच होता, ते आधी तपासा.
पेट्यांचा आकडाही लिहा. बिलावर पेट्या मोजून लिहिल्या असतील तर लायबिलिटीची मर्यादा पेटीमागे ६६६.६७ एसडीआर (आयएमएफचं हिशोबाचं चलन) किंवा किलोमागे २ एसडीआर, जे जास्त असेल ते. द्राक्षाच्या पेटीची किंमत त्याहून खूप कमी, म्हणून ती मर्यादा आड येत नाही. फक्त 'एक कंटेनर' लिहिलं असेल तर अख्खा कंटेनर एकच पेटी धरायचा का यावर भांडण सुरू.

निफाडकर_एक्सपोर्ट
खूप आभार दोघांचे. बिलावर नुसतं 'एक कंटेनर' नाही, पेट्यांचा पूर्ण आकडा आहे. पण सही एका एजंटची आहे आणि वर लाईनचं नाव वेगळं, मग दावा कुणावर? डिलिव्हरी होऊन आठ महिने झालेत.

फोर्टातला_वकील
मग आधी हेच बघा. दावा टाकायची मुदत डिलिव्हरीपासून एक वर्ष, समुद्रमार्गे माल वाहतुकीच्या १९२५ च्या कायद्यातही तेच आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही. वर्ष गेलं की नुसता कोर्टात जायचा मार्ग नाही, मूळ हक्कच संपतो, सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये रामलिंगम चेट्टियार केसमध्ये हे सांगितलंय. चुकीच्या पार्टीवर दावा टाकून नंतर खरा कॅरिअर (माल नेण्याची जबाबदारी घेतलेली कंपनी) जोडायला गेलात तर त्याच्यापुरता दावा साधारण जोडल्या दिवसापासून धरतात, तोवर वर्ष उलटलेलं असतं. एजंटने 'कॅरिअरतर्फे' सही केलीय का ते वाचा, मागच्या बाजूला कॅरिअरची व्याख्या वाचा, शंका असेल तर दोघांनाही सुरुवातीलाच पार्टी करा.
आणखी एक. जहाज अरेस्टसारखी तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मीडिएशन (मध्यस्थी) सक्तीचं आहे. त्यात गेलेला वेळ वगळतात, पण ती सोय लिमिटेशन ॲक्टसाठी (मुदतीचा सर्वसाधारण कायदा) लिहिलेली, हे वर्ष वेगळ्या कायद्यातलं, म्हणून त्यावर विसंबू नका. लाईनकडून ईमेलवर मुदतवाढ मागा, कॅरिअरचं नाव घालून आणि तारीख स्पष्ट लिहून. देत नसतील तर मीडिएशनचा अर्ज याच आठवड्यात टाका.

निफाडकर_एक्सपोर्ट
मागे 'कॅरिअर' म्हणून लाईनचंच नाव आहे, एजंटची सही 'ॲज एजंट्स ओन्ली', म्हणजे फक्त एजंट म्हणून. मुदतवाढीचा ईमेल उद्या सकाळी जातोय, डेटाची मागणी त्यासोबतच.