उ: थंडीमुळे पाणी शुद्ध?

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की कॅनडा-स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशांतल्या तळ्यांचं पाणी थंडीमुळे 'शुद्ध' राहतं. थंडीचा वाटा आहेच, पण खरी सूत्रं तळाच्या खडकाच्या हातात असतात.

पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी, सामू (pH) साधारण 5.6. चुनखडीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो, ग्रॅनाइटवर नुसता ओघळतो. हेच हजारो वर्षं संथपणे चालू असतं. चुनखडीतून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सुटतं, पाणी कठीण (क्षारयुक्त) होतं आणि आलेलं आम्ल पचवतं. ग्रॅनाइट जवळपास काहीच देत नाही.

कॅनडातलं ग्रेट स्लेव्ह सरोवर बघा. त्याचा पूर्वेकडचा फाटा कॅनेडियन शील्डवर, म्हणजे ग्रॅनाइटसारख्या प्राचीन कठीण खडकांच्या विस्तीर्ण पट्ट्यावर, नितळ आणि 600 मीटरहून खोल. पश्चिमेचा भाग गाळाच्या खडकांवर. सरोवर एकच, पाया दोन!

खडक काही देत नाही याची किंमत कळली आम्लवर्षेच्या, म्हणजे कारखान्यांच्या धुरामुळे पाऊस जास्तच आम्लधर्मी झाला त्या काळात. कॅनडाच्याच ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किलार्नीची तळी पांढऱ्या क्वार्टझाइटमध्ये आहेत; हा खडकही ग्रॅनाइटसारखा पाण्याला जवळपास काहीच देत नाही. जवळच्या सडबरी शहरातल्या धातुभट्ट्यांच्या धुरातला गंधक तिथे पोचला आणि कित्येक तळ्यांतले मासे संपले. पाणी मात्र आणखीच निळंशार दिसायला लागलं. म्हणून 'नितळ म्हणजे निरोगी' या समजुतीवर माझा विश्वास नाही. स्वीडनने तर 1970च्या दशकापासून तळ्यांत चक्क चुनखडीची पूड टाकली, म्हणजे खडकाने जे दिलं नाही ते माणसाने दिलं.

एक पुरवणी: नुसता खडकांचा नकाशा बघून अंदाज बांधू नका. हिमनद्यांनी दुरून ओढून आणलेला चुनखडीचा गाळ ग्रॅनाइटवर पसरलेला असेल, तर त्या तळ्याचं गणितच बदलतं.