ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या डिफरन्शिअलमध्ये कोणते गिअर ऑइल घालावे?

प्रश्न

माझी पिकअप मागच्या चाकांवर चालणारी आहे. महिन्यातून दोन-तीन वेळा तिला सुमारे १,८०० किलोंचा ट्रेलर जोडून चढउताराच्या रस्त्याने लांब जावे लागते. एरवी ती रिकामीच फिरते. पुस्तिकेत डिफरन्शिअलसाठी (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीसाठी) ‘७५डब्ल्यू-९०, जीएल-५’ असे दिले आहे. परवा तेल भरण्याचे बूच उघडून बोट घालून पाहिले, तर तेल काळे पडले होते आणि त्याला उग्र वास येत होता. मेकॅनिकचे म्हणणे असे की, वजन ओढणाऱ्या गाडीत ‘८५डब्ल्यू-१४०’ हे दाट तेलच घालावे. ते ऐकावे की पुस्तिकेप्रमाणे चालावे?

उत्तर १

मेकॅनिकचे म्हणणे मला पटते. तेल तापले की पातळ होते आणि ओझ्याखाली पातळ तेलाचा थर दातांमध्ये टिकत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे दाट तेल वापरत आलो आहे आणि क्राउन-पिनियनला (डिफरन्शिअलमधले मोठे आणि छोटे दातेरी चाक) अद्याप काहीही झालेले नाही.

उत्तर २

वरील उत्तरातील अर्धी गोष्ट खरी आहे, पण उरलेली अर्धी सुटल्यामुळे निष्कर्ष चुकतो आहे.

शंभर अंश सेल्सिअसला ९० दर्जाच्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, किमान १३.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) असावी लागते आणि १४० दर्जाच्या तेलाची किमान २४. म्हणजे तापलेल्या अवस्थेत १४० चा थर जाड राहतो, यात वाद नाही. मात्र क्राउन व्हील सतत तेलात बुडून ते घुसळत असते. तेल जितके दाट, तितकी घुसळण्यात शक्ती जास्त खर्च होते आणि ती उष्णता होऊन त्याच तेलात उतरते. तुमची गाडी बहुतांश दिवस रिकामी धावते, त्या दिवसांत दाट तेलाचा लाभ नाही, भुर्दंड मात्र आहे.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांना ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होऊ नये अशी अट आहे, ८५डब्ल्यूसाठी ही अट केवळ उणे १२ अंशांची आहे. पुस्तिकेत ७५डब्ल्यू मागितले असताना ८५डब्ल्यू घातले, तर गार सकाळी पहिले काही किलोमीटर तेल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत रेंगाळत पोहोचते. खरोखरच १४० ची गरज असेल, तर सिंथेटिक ७५डब्ल्यू-१४० घ्यावे. काही उत्पादक ओढकामासाठी तेच सुचवतात. पण तशी सूचना तुमच्या पुस्तिकेत आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळदा ती तेलांच्या तक्त्यात नसते, ट्रेलरविषयीच्या प्रकरणात दडलेली असते. तिथेही काही नसेल, तर मी तुमच्या जागी सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० घेईन आणि ते बदलण्याची मुदत कमी करीन.

जीएल-५ शी, म्हणजे तेलातील संरक्षक रसायनांच्या दर्जाशी, मात्र तडजोड करू नये. या डिफरन्शिअलमध्ये पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. ओढताना त्या घसरणीखाली तेलाचा थर तुटतो आणि तेव्हा धातूला वाचवतात ती गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने. जीएल-४ मध्ये ती पुरेशी नसतात. म्हणूनच नव्या गिअर ऑइललाही उग्र वास येतो, तेवढ्यावरून तेल जळले असे मानू नये. करपल्यासारखा वास आला, तर मात्र गोष्ट वेगळी.

उत्तर ३

दर्जाची चर्चा झाली, म्हणून मी दुसरेच सांगतो. तुमच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला शक्ती देत राहणारे) आहे का? त्यातील क्लच प्लेटना घर्षण सांभाळणारे वेगळे रसायन लागते. काही तेलांत ते आधीच मिसळलेले असते, काहींत वेगळे घालावे लागते. ते नसेल, तर वळणावर मागून थरथर व कुरकुर ऐकू येते. तपासण्यासाठी गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन मागची दोन्ही चाके उचलावीत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट फिरले, तर साधे डिफरन्शिअल. त्याच दिशेने फिरले, तर लिमिटेड स्लिप. क्लच झिजलेले असतील, तर ही परीक्षा फसवू शकते, म्हणून अ‍ॅक्सलवरील पट्टीही वाचावी.

तेल बदलताना आधी भरण्याचे बूच उघडून पाहावे. ते अडकलेले असेल आणि खालून तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी जागेवरच उभी राहते. तेल सपाट जागेवर, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच भरावे. ‘थोडे जास्त असू द्या’ म्हणून भरलेल्या तेलाला फेस येतो आणि ते अधिक तापते. ब्रीदरही (आतली तापलेली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ करावा. माझ्या गाडीचा ब्रीदर चिखलाने बुजला होता. आतली हवा तापून दाब वाढला आणि तेल मागच्या चाकाच्या सीलमधून थेट ब्रेकवर उतरले. मी दोन महिने सीलला दोष देत होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुस्तिकेतील ट्रेलरचे प्रकरण मी आजवर वाचलेच नव्हते. तिथे तेलाचा दर्जा तोच आहे, पण ओढकाम असल्यास तेल बदलण्याची मुदत निम्मी करावी, असे लिहिले आहे. चाकांची परीक्षा आणि पट्टी या दोन्हींवरून डिफरन्शिअल साधे निघाले. म्हणून आज सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० भरले. एक शंका उरली आहे : खालच्या बुचाच्या चुंबकावर राखाडी लगदा जमला होता. तो काळजीचा आहे का?

उत्तर २

बोटांत चोळून पाहावा. लोण्यासारखा मऊ लागत असेल, तर ती दातांची नेहमीची झीज आहे. पुसून बूच लावावे. कण टोचत असतील किंवा चपटे चकचकीत तुकडे दिसत असतील, तर पुन्हा ट्रेलर जोडण्यापूर्वी मागचे झाकण उघडून दात आणि बेअरिंग पाहून घ्यावेत. लगदा मऊच असला, तरी पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बूच एकदा उघडून तेलाची पातळी तेवढी तपासा.