मदत हवी आहे: निबंधाच्या गुणतक्त्यातली मोघम भाषा कशी काढावी?

नमस्कार मंडळी, ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. 'फर्स्ट' किंवा 'टू-वन' (पदवीच्या वरच्या दोन श्रेणी) मिळवणाऱ्या गोऱ्या आणि बिगरगोऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणात 13 टक्केबिंदूंची तफावत असल्याचं युनिव्हर्सिटीज यूके (विद्यापीठांची संघटना) आणि एनयूएस (विद्यार्थ्यांची संघटना) यांच्या 2019 च्या अहवालात होतं. प्रवेशावेळचे गुण सारखे धरले तरी ती पूर्ण मिटत नाही.

माझं मॉड्यूल (अभ्यासक्रमातला एक विषय) दुसऱ्या वर्षाचं, 20 क्रेडिटचं: 2,500 शब्दांचा निबंध 60 टक्के, सादरीकरण 40. निबंध निनावी तपासतात खरे, पण विषय आधी शिक्षकाकडूनच मंजूर करून घ्यायचा, म्हणजे निनावीपणा नावापुरता!

मोठी अडचण गुणतक्त्यात, म्हणजे किती गुणांना कसा निबंध लागतो ते सांगणाऱ्या तक्त्यात आहे. 60 ते 69 ला 'प्रगल्भ मांडणी', 70 च्या वर 'मौलिक व प्रगल्भ मांडणी'. याचा अर्थ ज्याच्या घरात आधी कुणी विद्यापीठात गेलंय त्यालाच उमगतो. त्याऐवजी 60 ते 69 ला मी असं लिहिलंय: 'दोन परस्परविरोधी मतं मांडून त्यातल्या एकाची बाजू पुराव्यानिशी घेतली आहे.' शिवाय तिसऱ्या आठवड्यात 58, 64 आणि 72 गुणांचे जुने निबंध, गुण झाकून, विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यायचे. 50 मिनिटं पुरतात.

70 च्या वरची ओळ मात्र जमत नाहीये. कुणाकडे चालून गेलेला नमुना आहे का?

दुसरं, 84 जणांत कृष्णवर्णीय फक्त 7. दोघांचे गुण घसरले की टक्केवारी कोसळते. सगळ्यांना 'बेम'मध्ये (कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्याक वंशांचा एकत्र गट) कोंबलं तर कृष्णवर्णीयांची तफावत झाकली जाते. तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत, तर मधेच तक्ता बदललाय. तुम्ही तुलना कशी करता?