मदत हवी आहे: तलवारबाजी रंगत नाही, नुसती वजाबाकी होते

मंडळी, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिकाखेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ ची) खेळतोय, डीएम (गोष्ट नि नियम सांभाळणारा) मीच. मोहीम समुद्री चाच्यांची. डोलकाठ्या, जिने, झुंबरं, लांबलचक टेबलं, सगळं हौसेनं मांडून ठेवतो. आणि द्वंद्व सुरू झालं की दोघे खांबासारखे समोरासमोर उभे. कोणाचे हिट पॉइंट (जीवाचे गुण) आधी संपतात एवढंच बघायचं.

न हलण्याचं एक कारण कळतं. समोरच्याच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकलं की त्याला फुकटचा वार मिळतो, आणि तो टाळायला डिसएंगेज (सुरक्षित माघार) घ्यावं तर आपली ॲक्शन (त्या टर्नमधली, म्हणजे पाळीतली, मुख्य कृती) जाते. आमच्यातला रोग (rogue, म्हणजे चपळ, लबाड पात्र) स्वॅशबकलर या उपप्रकाराचा आहे, त्याला तिसऱ्या लेव्हलपासून सूट: ज्याच्यावर वार केला, त्याला त्या टर्नमध्ये हा फुकटचा वार करता येत नाही. तो मजेत बागडतो, बाकीचे बघत बसतात.

खरी अडचण कसरतींची. कोणी म्हणालं, "झुंबराला लोंबकळून जातो नि वार करतो", की मी आधी ॲक्रोबॅटिक्सचा (कसरतीचा) फासा मागायचो, मग वाराचा फासा. समजा प्रत्येक फासा जमायची शक्यता ६५ टक्के. सरळ वार ६५, झुंबरावरून जेमतेम ४२. शहाणा माणूस जमिनीवरच राहणार ना! मग कसरत जमली तर वाराला ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा) द्यायला लागलो. तरी ५७ च, कारण कसरत फसली की वारही गेला. शेवटी म्हटलं, फसली तरी साधा वार करा. शक्यता गेली ८० वर, आणि आता दर टर्नला जो तो टेबलावर चढतोय. परवा एका द्वंद्वात तेच झुंबर पाच वेळा वापरलं. (छताची दया आली.)

या ५७ आणि ८० च्या मध्ये कुणाला काही सापडलंय का? दुसरी सिस्टीम घ्या असं कृपया सांगू नका, मोहीम अर्ध्यावर आलीय.

प्रतिसाद १:
टक्केवारी सोडा. कसरतीचं बक्षीस फाशावर नको, जागेवर द्या. आमचा घरचा नियम: वार लागला की समोरच्याला पाच फूट मागे रेटायचं, हवं तर आपण पुढे सरकायचं. रेटला गेलेल्यावर फुकटचा वार होत नाही, हे मूळ नियमांतच आहे. पाठीशी कठडा किंवा पेटलेलं शीड आलं की माणसं आपोआप जागा शोधायला लागतात. झुंबरावरून गेला तर वार नेहमीचाच, पण आता तो जिन्यावर वर आणि शत्रूची पाठ कठड्याला. कसरत फसली तर शत्रूच्या पुढच्या वाराला ॲडव्हान्टेज.

धागाकर्ता:
हे आवडलं. पण रेटल्यावर सगळेच टप्प्याबाहेर पडणार, मग रोगच्या सूटीचं काय राहिलं?

प्रतिसाद १:
रेटायला वार लागावा लागतो. त्याची सूट वार चुकला तरी चालते.