मदत हवी आहे: ब्लूबेरीची कोवळी पानं पिवळी पडताहेत

कुंडीतल्या ब्लूबेरीची शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. खालची जुनी पानं ठणठणीत, म्हणजे कमतरता नत्राची नव्हे, लोहाची. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; कमी तितकी माती आम्लधर्मी) ६.८ आला, हवा ४.५ ते ५.५. एवढ्या सामूला मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. मूळ दोष बहुधा क्षारयुक्त पाण्याचा, त्यातले बायकार्बोनेट सामू पुन्हा चढवतात. गंधक मिसळलंय, पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला काही महिने जातात. तोवर सायट्रिक आम्लाने पाण्याचा सामू ५ पर्यंत उतरवून ते पाणी द्यावं, की चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारावं? खत अमोनियम सल्फेटच, नायट्रेट नाही.

आणखी एक: फळाला निळा रंग देणारं अँथोसायनिन मुख्यतः सालीत असतं, म्हणून पिकणं सालीच्या रंगावरून बघायचं. देठाजवळची लाली गेल्यावर फळं आणखी किती दिवस झाडावर ठेवावीत?